खाणीतली कणी

बाजारात पहिल्यांदा तोंड उघडलं ते शिंपिणीने. सकाळी तिनेच टोपलीतला सगळ्यात भरल्या पोटाचा मासा हातावर तोलून पाहिला होता, गाभोळीचा आहे म्हणून दुसऱ्या बायकांच्या हाताखालून ओढून घेतला होता आणि घासाघीस न करता नेला होता. ऊन चढायच्या आत ती परत आली, फाडलेला मासा शेपटीने धरून. त्याच्या पोटातून एक पांढरी चपटी पट्टी लोंबत होती आणि अजून हळूहळू आखडत होती.

"काय ग हे?" शिंपिणीने विचारलं. "दिवसभर मी लोकांच्या लेंग्यांत नाड्या ओवते. आता माशातूनही नाडीच काढायची?"

सगळी ओळ हसली. वरच्या तळ्याच्या घरची सून ओट्यावर मासे विकायला बसली होती, तिच्या हातात सुरी तशीच राहिली. तिने मासा परत घेतला, पैसे परत दिले आणि वर एक दुसरा मासा पुढे केला. शिंपीण त्याच्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करून निघून गेली. मग ज्या बायका पोटं दाबून दाबून मासे निवडत होत्या, त्याच पोटं दाबून मासे खाली टाकायला लागल्या. शेजारच्या कोळंबीवालीने आपली पाटी हळूच पलीकडे सरकवली आणि सरकवताना "ऊन येतंय ग" असं म्हणाली. ऊन दोघींच्या डोक्यावर सारखंच होतं.

टोपली जशी आणली तशी डोक्यावर घेऊन सून घरी निघाली. वाटभर माशांचं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. गेला महिनाभर तिने हेच मासे गाभोळीचे म्हणून विकले होते, चढ्या भावाने, मोठ्या तोऱ्यात. आता ज्यांनी ज्यांनी नेले त्या सगळ्यांची तोंडं तिला आठवत होती आणि लाजेने तिचे कान तापले होते.

घरामागच्या अंगणात नवऱ्याने टोपलीतले मासे एकेक करून फाडले. गाभोळी एकातही नव्हती. नाडी जवळजवळ प्रत्येकात होती, कुठे एक, कुठे दोन-तीन एकमेकींत गुंतलेल्या, आतडी एका कोपऱ्यात दाबून बसलेल्या. नवरा मुळातच कमी बोलणारा, त्याने सुरी धुतली आणि तो उकिडवा बसून राहिला. अलीकडे तळ्यातले मासे पाण्याच्या वर वर राहत होते, एका अंगावर कलून संथ पोहत होते, टोपली बुडवली तरी पळत नव्हते. घरातले सगळे म्हणत होते, सुस्तावलेत, खाऊन माजलेत. तसं म्हणणाऱ्यांत सूनही होती.

आबा ओसरीवरून काठी टेकत आले. सासऱ्यांच्या डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. सुनेने त्यांच्या हातावर एक पट्टी ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपली.

"हे आपोआप होत नाही," ते म्हणाले. "जन्म गेला माझा तळ्यात. असलं कधी हाताला लागलं नाही. खालच्याचे मासे कसे आहेत?"

"त्याचे धडधाकट आहेत," नवरा म्हणाला.

"मग झालं तर."

खालचा म्हणजे आबांचा पुतण्या. बाप लवकर गेला म्हणून आबांनीच त्याला वाढवला, हाताला धरून पाण्यात उतरवला, जाळं विणायला शिकवलं. पुढे वाटण्या झाल्या आणि बांधाखालचं लहान तळं त्याच्याकडे गेलं, तेव्हापासून त्याचं नावच खालचा पडलं. कालव्याचं पाणी आधी वरच्या तळ्यात यायचं आणि बांधातल्या मोरीतून खाली उतरायचं. त्या पाण्यावरून कुरबुर कायमची होती. पाणी कमी सोडता असं तो म्हणायचा, आणि आबा म्हणायचे, आधी अंथरुणातून लवकर ऊठ, मग पाणी माग. खालचा आळशी आहे हे आबांचं ठाम मत होतं. त्याला पहाटे उठवत नाही, तो पिल्लांना कणी आणत नाही, नुसता कोंडा फेकतो आणि अंग टाकून देतो, हे ते येईल त्याला ऐकवत.

त्या संध्याकाळी आबा बांधावर जाऊन उभे राहिले आणि खालच्या तळ्याच्या दिशेने तोंड करून त्यांनी पुतण्याचा उद्धार केला. माझ्या पाण्यात काय कालवलंस, माझ्या ताटात वाढलास आणि माझ्याच तळ्यात विष घातलंस. खालचा आपल्या झोपडीबाहेर जाळ्याला गाठी मारत होता. तो उठून उभा राहिला, "काका, मी कशाला असं करीन?" एवढंच म्हणाला. आबांनी एक ढेकूळ उचलून फेकलं. ते कुठेतरी गवतात पडलं. मग त्यांनी मुलाला मोरीची फळी खाली पाडायला लावली आणि फटीत चिखल भरायला लावला. पाणी तुटलं. दिवस कडक उन्हाचे होते आणि कालवाही आटत चालला होता, त्यामुळे वरच्या तळ्याला त्याने बरंच झालं, पण हे कोणी बोललं नाही.

आबांची कणी म्हणजे काय ते सुनेला लग्न होऊन आल्यावर कळलं होतं. बांधाच्या टोकाला एक जुनी दगडाची खाण होती, कोणे काळी सोडून दिलेली, पाण्याने भरलेली. तिच्यात एक वठलेलं झाड उभं होतं आणि त्यावर पाणकावळे आणि बगळे यांची वस्ती. त्यांच्या विष्ठेने झाडही पांढरं झालं होतं आणि खालचे दगडही. उजाडता उजाडता त्या पाण्याच्या वरच्या थरात बारीक जिवंत कण गोळा व्हायचे, तांदळाच्या कणीच्याही कणीएवढे, टुणटुण उड्या मारणारे. आबा बांबूला बांधलेली मऊ फडक्याची पिशवी पाण्यातून हळू फिरवायचे, बादलीत उलटी करायचे आणि बादली पिल्लांच्या खड्ड्यात नेऊन ओतायचे. नखाएवढी पिल्लं त्या कणीवर अशी तुटून पडायची की पाणी खदखदायला लागायचं. कणीवर वाढलेलं पिल्लू कोंड्यावरच्या पिल्लाच्या दुप्पट होतं, हे खरंच होतं. मग ती बोटाएवढी, बोटुकली झाली की मोठ्या तळ्यात सोडायची.

पूर्वी ते हंगामात चार-दोनदा जायचे. डोळे गेल्यापासून मात्र रोज. जाळं ओढणं सुटलं, बाजार सुटला, हिशेब तर मुलगाही विचारेना. राहिली ती एवढी कणी. बांधाची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. परत आल्यावर बादलीत हात बुडवून ते म्हणायचे, "आज गुदगुल्या चांगल्या होतायत," आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा घरातल्या कर्त्या माणसाचा व्हायचा. सून म्हणायची, "आबा, तुम्ही आहात म्हणून पिल्लं जगतात." ती हे मनापासून म्हणायची.

माशांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं ते खालच्यानेच. आपल्यावरचा आळ जावा म्हणून तो तालुक्याला खेटे घालत होता. शेवटी एके सकाळी मोटारसायकलवर मागे बसवून तो त्यांना घेऊन आला. आबांना त्या दिवशी कणकण होती, ते आत पडून होते. डॉक्टरीणबाईंनी तळ्यातून मासे काढून घेतले, बांधावरच फाडले, भिंगातून पाहिले. मग खालच्याच्या तळ्यातले काढले. त्यांची पोटं स्वच्छ निघाली.

"विष घातलंय का हो कोणी?" नवऱ्याने विचारलं.

"विषबिष काही नाही. जंत आहे हा. आणि तसं बघितलं तर माशाचा नाहीच, पाखराचा आहे. पाखराच्या पोटात याची अंडी होतात, विष्ठेतून पाण्यात पडतात. पाण्यात बारीक किडे असतात ना, उड्या मारणारे? दिसत नाहीत पटकन, पण जात त्यांची खेकड्या-कोळंबीचीच. अंड्यातून निघालेला जंत ते किडे गिळतात. किडे मासा खातो. मग माशाच्या पोटात ही अशी नाडी वाढते. मासा जड होतो, वर तरंगतो, पळता येत नाही. पाखराला आयताच सापडतो. की झालं, पुन्हा पाखराच्या पोटात."

"आणि एका माशापासून दुसऱ्याला?"

"नाही लागत. मध्ये तो किडा लागतोच. पिल्लांना खायला काय घालता तुम्ही?"

सुनेला खाणीवरची बादली आठवली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"कोंडा," तो म्हणाला.

"नुसता कोंडा?"

"नुसता."

सुनेने मान वर केली तेव्हा खालचा तिच्याकडेच बघत होता. लहानपणापासून तो आबांच्या मागे बादली धरून त्या खाणीवर गेलेला. त्याला सगळं माहीत होतं, आणि आत्ता, या क्षणी, सगळं कळलंही होतं. एका वाक्यात तो सुटला असता. त्याने डॉक्टरीणबाईंची पिशवी उचलली, "चला बाई, ऊन वाढतंय," असं म्हणाला आणि गाडीला किक मारली.

"आबांना सांगायला हवं," घरात आल्यावर सून हळू आवाजात म्हणाली.

"काय सांगणार? तुमच्या हाताने तळं बुडालं म्हणून?"

"निदान विष नव्हतं एवढं तरी सांगा. मोरी तरी उघडू द्या."

"पाखरांनी आणलं म्हटलं तर ते विचारतील, पाखरं खालच्याच्या तळ्यावर बसत नाहीत का. मग काय बोलू? अर्धं सांगता येत नाही यातलं." नवरा भिंतीकडे बघत राहिला. "त्यांना दुसरं काय उरलंय? ते गेलं तर म्हातारा खाट धरेल. आणि पाणीही टिकतंय आपलं."

शेवटचं वाक्य त्याने अगदी खालच्या आवाजात म्हटलं. सुनेला त्याचा राग आला, पण पाणी टिकतंय हे तिलाही दिसत होतं आणि तिनेही वाद वाढवला नाही.

मग तिने आपल्या परीने एक युक्ती काढली. आबा खाणीवरून आले की ती बांधावर पुढे जायची. "द्या आबा, घसरडं झालंय, मी ओतते." बादली घेऊन पिल्लांच्या खड्ड्यापाशी जायची आणि कणी बांधाच्या पलीकडे मातीवर ओतून यायची. माती पाणी पिऊन टाकायची आणि वर तो जिवंत चुरा थोडा वेळ हलत राहायचा. पहिल्या दिवशी तिला रडू आलं. नंतर नंतर ती ओतायची आणि चुलीकडे वळायची.

दुपारी खालच्या तळ्याकडे बघायचं तिने सोडून दिलं. पाणी काठापासून आत आत सरकत होतं आणि मागे चिखलाला भेगा पडत होत्या. एकदा कपडे वाळत घालताना नजर गेलीच, तर खालचा कंबरेइतक्या चिखलात उभा राहून मधला खड्डा खोल करत होता, फावड्याने चिखल काठावर फेकत होता, आणि फेकलेला चिखल हळूहळू पुन्हा आत ओघळत होता.

एका संध्याकाळी तो दारात आला. पाय धुऊन आला होता, पण आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, थोडं पाणी सोडा. एक रात्र सोडलंत तरी चालेल. मासे तोंड वर काढायला लागलेत."

सून काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "आबांना विचार बाबा."

आबा खाटेवर बसून फडक्याची पिशवी शिवत होते. सुई ते जिभेने चाचपून ओवायचे.

"कोण आलंय?"

"मी आहे, काका."

"कशाला?"

"पाण्याचं बघा की जरा."

"विष घालणाऱ्याला पाणी?" आबा म्हणाले. "माझ्या तळ्याचं वाटोळं करून तहान लागली होय रे तुला?"

खालच्याचा चेहरा पडला. त्याने सुनेकडे पाहिलं. ते बघणं तिला नीट कळलं. तू बोल, असं तो म्हणत नव्हता. मी बोलू का, असं विचारत होता. तिचे ओठ हलले, आणि त्याच वेळी आबांच्या हातातली ती जुनी पिशवी तिला दिसली, ठिगळाला ठिगळ लावलेली, आणि त्यावर जपून टाके घालणारी त्यांची बोटं. तिने मान खाली घातली.

"बरं काका, येतो," खालचा म्हणाला आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. जेवणानंतर सून भांडी घासायला बसली. उद्या सांगते, तिने मनाशी ठरवलं. उद्या नक्की.

दुसऱ्या दिवशी आबा खाणीवरून आले तेव्हा ती नेहमीसारखी पुढे झाली. बादली घेतली, ओतली, परत आली.

"ओतलीस?"

"ओतली."

"पिल्लांचा आवाज नाही आला."

"हळू ओतली, आबा."

ते काठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. मग त्यांनी मान बांधाखाली वळवली. खालून कावळ्यांचा कालवा येत होता, घारींच्या शिट्ट्या येत होत्या, एवढा गलका की बोलणं ऐकू येईना.

"खाली काय चाललंय?"

सुनेने पाहिलं. खालच्या तळ्यात पाणी असं उरलंच नव्हतं. मधल्या खड्ड्यात डबकं होतं आणि त्याच्यावर सगळीकडे पांढरी पोटं. खालचा एकटाच कावळे हाकलत मासे गोळा करत होता.

"मेले, आबा. सगळे मेले."

"त्यांनाही लागली का नाडी?" आबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात क्षणभर समाधानासारखं काहीतरी आलं.

त्या आवाजानेच सुनेचा बांध फुटला. तिने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. पाखरांचं, कणीचं, डॉक्टरीणबाईंचं, कोंडा म्हणून सांगितल्याचं, मातीवर ओतलेल्या बादल्यांचं.

"त्याला माहीत होतं?" आबांनी विचारलं.

"होतं."

"काल आला तेव्हा?"

"तेव्हाही."

आबांनी हात पुढे केला. "मोरीवर ने मला."

फळी फुगून बसली होती. दोघांनी मिळून चिखल उकरला, आबांनी गुडघे टेकून बोटांनी फटी मोकळ्या केल्या, त्यांचं एक नख मुळापासून उलटलं तरी थांबले नाहीत. फळी उचलली गेली आणि पाणी सुटलं. ते भेगांमध्ये शिरत, पाचोळा पुढे ढकलत खाली निघालं. त्याच्या बाजूने सून आबांना धरून उतार उतरली.

खालच्याने त्यांना येताना पाहिलं. त्याच्या अंगावर छातीपर्यंत चिखल वाळला होता. त्याने एक पालथी टोपली झटकून पुढे ठेवली.

"बसा, काका."

आबा बसले नाहीत. "मासे कुठे आहेत?"

"हे काय, तुमच्या पायाशी."

"सुरी आहे? एक फाड."

"आता कशाला, काका? झालं ते झालं."

"फाड म्हणतो ना."

खालच्याने कंबरेची सुरी काढली आणि एक मासा उचलून फाडला.

"काय आहे आत?"

"काही नाही."

"दुसरा घे."

दुसरा फाडला. त्यातही काही नव्हतं. तिसरा फाडला. आबांची मान पुढे झुकली होती, ते कान देऊन सुरीचा आवाज ऐकत होते. हा म्हातारा नाडी शोधतोय हे सुनेला कळलं, आणि तिला त्याची इतकी कीव आली की तिलाही वाटलं, निघू दे, एकात तरी निघू दे. वरून सुटलेलं पाणी तोवर येऊन पोचलं होतं आणि मेलेल्या माशांच्या ढिगाला खालून भिजवत होतं.

खालच्याने आणखी एक मासा फाडला. आत लालसर आतडी होती, थोडा कोंडा होता, बाकी सगळं स्वच्छ. तो आबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ह्याच्यात आहे, काका," तो म्हणाला. "नाडी आहे ह्याच्यात."

"आहे?"

"आहे."

"दे इकडे."

खालच्याने सुनेकडे पाहिलं. मग त्याने मासा त्यांच्या हातात दिला. आबांनी तो डाव्या तळव्यावर आडवा धरला, उजव्या हाताचं रक्ताळलेलं बोट आत घातलं आणि कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग त्यांनी मासा मिटवला, वाकून ढिगावर ठेवला आणि चिखलात खाली बसले.

"पुढचा दे, पोरा," ते म्हणाले.

"काका, पुरे आता."

"सगळे बघायचेत मला. दे."

खालच्याने सुरी धोतराला पुसली आणि ढिगातला पुढचा मासा उचलला.